पॅडवरची टकटक

सातवा गोल खाल्ला आणि मी मान खाली घातली. इथल्या परमुलखात आमचा आइस हॉकीचा हौशी संघ आहे. कोणी प्लंबर, कोणी बसचालक, मी बेकरीतला. बर्फावर मला धड पळता येत नाही, म्हणून गोलमध्ये उभा केलाय. दर रविवारी सकाळी वाटतं, आज सांगतील, आता येऊ नकोस.

यांच्यात एक रीत आहे. गोल बसला की आपलेच खेळाडू घसरत येतात आणि गोलकीपरच्या पायांवरच्या जाड पॅडवर काठीनं हलकेच टकटक करतात. बोलत कोणीच नाही. मी नववीत शाळा सोडली ती मास्तरांच्या छडीला भिऊन. त्यामुळे पहिल्यांदा कोणी असं काठी घेऊन आलं, तेव्हा मी चक्क पाय मागे घेतला होता. चुकलेल्या माणसाजवळ काठी घेऊन असंही जाता येतं, हे कळायला मला घरापासून इतकं लांब यावं लागलं.

काल सातही वेळा ते आले. सामना संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत मी आमच्या कप्तानाला, लिंडाला, म्हणालो, "दुसरा कोणी बघा ना."

लिंडा साठीची नर्स. बुटाची नाडी सोडत म्हणाली, "होता की तुझ्याआधी एक. प्रत्येक गोलाला आमच्यावरच ओरडायचा. तू निदान गप्प हरतोस. रविवारी वेळेवर ये."

सगळे खो खो हसले. मी मात्र बराच वेळ हेल्मेट काढलं नाही.