मनकर्णेचं लायसन

लढाई संपून जगदेव रिठदला परत आला, तेव्हा त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं असून नसल्यासारखी झाली होती. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर तो पलटणीत वायरलेसवर होता. तिथंच तोफगोळ्याचा एक तुकडा हाताला चाटून गेला. वखर धरता येत होता, बैल हाकता येत होते; पण ज्या खटक्यावर बोट आपटून तो डोंगरापलीकडे निरोप धाडायचा, तो खटका आता त्या बोटांना जुमानत नव्हता.

तरी त्याच्या डोक्यातून वायरलेस गेलं नाही. लढाईच्या काळात सरकारनं घरगुती वायरलेसवाल्यांची लायसनं बंद केली होती, ती पुन्हा सुरू झाल्याचं त्याला एका जुन्या सोबत्याकडून कळलं. नागपूरला परीक्षा द्यायची, पास झालं की आपल्या घरून, आपल्या यंत्रावर, साऱ्या दुनियेशी बोलायचं. धंद्यासाठी नाही, नुसत्या हौसेपायी. गावातल्या लोकांना हे काही उमगेना. बोलायचं तर कोणाशी आणि कायले, असं जो तो विचारी. जगदेव हसून वेळ मारून नेई.

परीक्षेसाठी कान तयार ठेवायचा तर समोरून खटका वाजवणारं कोणीतरी हवं. गावात ते येणारा दुसरा माणूस नव्हता. म्हणून त्यानं बायकोलाच बसवलं. मनकर्णेचं माहेर किन्हीराजाचं. मराठी चार बुकं शिकलेली. इंग्रजीचा तिला गंध नव्हता. जगदेवानं बॅटरी, खटका आणि गुणगुणणारी एक डबी जोडून दिली आणि एकेका अक्षराचा आवाज शिकवला. आखूड आवाज, लांब आवाज, मग दोन्हींचा मेळ. मनकर्णेला इंग्रजी अक्षरं आधी कानानं कळली, डोळ्यांनी मागाहून. पाटीवर ती गिरवताना तिला वाटे, अरे, हा तर आपल्या ओळखीचा आवाज. त्याचं तोंड असं आहे होय!

सासू तुळसाबाई या आवाजानं वैतागली होती. घरात गांधीलमाशी पाळली काय, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत असे.

तुरी घरात आल्या, त्या दिवसांतली गोष्ट. मनकर्णा खटका वाजवत होती, जगदेव डोळे मिटून लिहून घेत होता. मधेच त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

"तुया हात मायापेक्षा साफ हाय," तो म्हणाला. "तू बी परीक्षा दे."

"मले इंग्रजी कुठं येते?"

"अक्षरं त येतात. बाकीचं मी सांगतो."

मनकर्णा उठली, चुलीकडे गेली. आपल्याला हे हवंय, हे तिला त्या क्षणीच कळलं होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटली होती. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता तिनं नवऱ्याला विचारलं, "बिना तारेचा आवाज त्या डब्यातून बाहेर जाते कसा, ते आधी सांगा." जगदेव तिथंच चुलीसमोर बसला आणि सांगायला लागला.

दोघांनी अर्ज केले. नागपूरला जायची वेळ आली तेव्हा तुळसाबाईला सांगणं भाग पडलं. सून पास झाली तर काय होईल, एवढंच तिनं विचारलं. जगदेव म्हणाला, तिला सरकारकडून एक नाव मिळेल, आणि तसं नाव साऱ्या जगात दुसऱ्या कोणाचं नसेल. म्हातारीनं जरा विचार केला.

"जाय मंग," ती सुनेला म्हणाली. "गाईचं मी पाह्यतो."

बैलगाडीनं वाशीम, तिथून मोटारीनं अकोला आणि पुढं आगगाडीनं नागपूर. वायरलेस खात्याच्या कचेरीत साहेबांना आधी वाटलं, बाई नवऱ्याच्या सोबतीला आली असेल. अर्ज पाहून त्यांनी चष्मा पुसला. या कचेरीत आजवर बाईमाणूस परीक्षेला आलं नव्हतं. त्यांनी नियम काढून वाचले, आणि बाईनं येऊ नये असं कुठंच लिहिलेलं नाही म्हणून तिला खुर्ची दिली. इंग्रजीतून उत्तरं लिहिणं तिला जमणारं नव्हतं. तेव्हा तोंडी, हिंदीतून विचारतो म्हणाले.

ऐकायच्या परीक्षेत दोघंही पास झाले. मग एकेकाला खटक्यापाशी बोलावलं. जगदेव आधी गेला. बाहेर उभ्या मनकर्णेला दाराआडून त्याचा हात ऐकू येत होता. मधेच एक अक्षर अडखळलं, मग दुसरं, मग सगळी ओळच कोसळली.

जगदेव बाहेर आला. "मायं गेलं," तो म्हणाला. "तू बोट हलकं ठेवजो."

ती आत गेली. खटक्यावर हात ठेवला आणि त्याच्या वाट्याचं सगळं आपल्या बोटात आल्यासारखं तिला वाटलं. तिचं एकही अक्षर चुकलं नाही. साहेबांनी मग यंत्राचं विचारलं. कॉइल काय करते, कंडेन्सर काय करतो. तिनं ते वऱ्हाडी-हिंदीची सरमिसळ करून, हातवारे करत सांगितलं. शेवटी ते म्हणाले, तुम्ही कोणाशी बोलत आहात आणि बुडत्या जहाजाची हाक कानी आली, तर काय कराल?

"चूप बसीन," मनकर्णा म्हणाली. "बोलनं थांबवीन आन् कान देईन. त्याले कोनीच जवाब देऊन नसन राह्यलं, त मी देईन."

साहेबांनी तिथल्या तिथं सही केली.

परतीच्या गाडीत ती नवऱ्याच्या चेहऱ्याकडे चोरून पाहत होती. त्याला खुपत असेल तर काय करायचं, हा घोर तिला लागला होता. पण जगदेव डब्यातल्या अनोळखी माणसांना गोळा करून, ही माझी बायको, आजच पास झाली, म्हणून सांगत सुटला होता. बडनेरा येईस्तोवर सगळ्या डब्याला मनकर्णा ठाऊक झाली होती.

लायसन आलं. त्यावर तिचं नाव होतं आणि आकाशात हाक मारायचं निराळं नाव, कॉलसाइनही. जगदेवानं लढाईतल्या मोडीत निघालेल्या यंत्रांचे भाग आणून वर्षभर खपून सेट जोडला, आणि तेवढ्या काळात मनकर्णेला कामापुरतं इंग्रजीही शिकवलं. मोटारीची बॅटरी वाशीमच्या मोटर स्टँडवरून भरून आणली. दोन कडुलिंबांना बांधून तार ताणली.

दिवेलागणीला अंगणात अर्धं गाव जमलं. मनकर्णेनं पदर खोचला, कानाला हेडफोन लावले आणि हाक दिली: मी अमुक, कोणी ऐकतंय का? नुसती खरखर आली. पुन्हा हाक दिली. कोणीतरी खोकलं, त्याला तुळसाबाईनं दटावलं.

आणि मग, अगदी बारीक, खरखरीच्या खालून, तिचं आकाशातलं नाव तिलाच ऐकू आलं. कोणीतरी तिला हाक मारत होतं. तिचा हात आपोआप चालू लागला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पाटीवरची अक्षरं सरळ होती.

"कुठून होय?" तुळसाबाईनं विचारलं.

"लंकेतून," जगदेव पाटी वाचून म्हणाला.

"रावनाच्या?"

"तीच."

अंगणात कुजबूज उठली. लंकेतला तो माणूस ह्या वायरलेसवाल्यांच्या रिवाजाप्रमाणे, समोरचा कितीही तरुण असो, सलगीनं 'म्हातारबा' म्हणायचं, तसं तिला म्हणत होता. मनकर्णा गालात हसली आणि तिनं कळवलं की इथं म्हातारबा कोणी नाही, बाई आहे. पलीकडून खटका असा भराभर वाजू लागला की तिला त्याला सावकाश घ्यायला सांगावं लागलं. बाई, तुमचा हात फार सुंदर आहे, असं तो म्हणत होता, कोणी शिकवलं?

मनकर्णेनं नवऱ्याकडे एकवार पाहिलं आणि एकेक अक्षर नीट, हलक्या बोटानं वाजवत त्याचं नाव पाठवलं.