मास्तर खाली बसले

तबल्याला पाय लागला तर मास्तर कुणालाच सोडत नसत. आखातातल्या अल् खुवैर भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर एकदा डग्ग्याला धडकला. मास्तरांनी त्यालाही अडवलं. "पहले नमस्कार, फिर नल!" बिचारा पाना हातात घेऊनच वाकला.

दिवसा मास्तर रुसैलच्या कारखान्यात स्टोअरकीपर. लाकडी खोकी फोडायची, माल लावायचा. संध्याकाळी आमच्या रियासारख्या, मराठीत अडखळणाऱ्या पोरांना तबला शिकवायचा. रियावर, माझ्या लेकीवर, त्यांचा भारी जीव.

पेरू देशातल्या कलाकारांनी तिच्या शाळेत शिबिर घेतलं आणि आपल्या कार्यक्रमात एका नाचाच्या साथीला तिला निवडलं. आफ्रिकेतून पेरूत गुलाम म्हणून नेलेल्या लोकांचं हे संगीत. मास्तर कौतुकानं कडक इस्त्रीचा सदरा घालून आले. पडदा वर गेला. रिया एका लाकडी खोक्यावर बसली होती आणि तेच खोकं दोन्ही हातांनी वाजवत होती!

"अहो, पोरगी वाद्यावर बसलीय!" मास्तर ओरडलेच. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "शिकवणी खलास!" म्हणत ते तरातरा निघाले. रियानं मंचावरून सगळं पाहिलं, पण ठेका सोडला नाही.

मास्तर दाराशी पोचेपर्यंत नाच संपला. एक वयस्कर नर्तकी माइकवर सांगू लागली. मालकांनी त्यांच्या पूर्वजांचे ढोल हिरावून घेतले, तेव्हा ते मालाच्या खोक्यांवर वाजवू लागले. मास्तर दारातच थबकले.

परतताना आमच्या गाडीत मास्तर एवढंच म्हणाले, "माझा तबला कुणी काढून घेतला असता तर?"

शुक्रवारी रिया रडवेल्या चेहऱ्यानं शिकवणीला निघाली. मीही गेलो. दार उघडलं आणि मी बघतच राहिलो. खोलीच्या मधोमध रुसैलचं एक खोकं, घासून गुळगुळीत केलेलं, वर हळदकुंकू.

"नमस्कार कर," मास्तर म्हणाले. तिनं केला. "आता बस त्याच्यावर."

"सर, तुम्ही बसा ना. इट्स ओके."

"माझ्यानं मरेपर्यंत नाही व्हायचं, बाळ. तू वर बस, मी समोरून वाजवतो. शिकव मला."

आणि ज्यांच्यासमोर आम्ही आईबापसुद्धा खुर्चीवर बसत नव्हतो, ते मास्तर माझ्या मुलीच्या पायांशी मांडी घालून बसले.

गेल्या वर्षी मास्तर कायमचे मिरजेला परतले. खोकं आमच्याकडे आहे. रिया आधी वाकते, मग बसते. वाजवताना समोर मास्तरांच्या जागी कुणी बसलेलं तिला चालत नाही.