मोरचुदाची बादली

माझ्या बायकोलाही हे माहीत नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका. वीसेक वर्षं झाली, पोटात ठेवलंय.

माझा थोरला भाऊ नाशिक रोडला राहायचा. मी सायखेड्याला, द्राक्षबागेत. दोन हजार सालाच्या आसपास दादाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. अख्ख्या गावाला हसवणारा माणूस नुसता बसून राहायचा. समोर काचेची माशांची टाकी. दुपारी खिडकीतून ऊन त्या पाण्यात उतरायचं, भिंतीवर उजेड हलायचा, आणि दादाचा चेहरा — कसं सांगू — सैल व्हायचा. मीही शेजारी बसायचो. कधी डोळा लागायचा, कळायचंही नाही. वहिनी त्याला घास भरवायची, मग माशांना चिमूटभर खाणं टाकायची. त्या घरात तेवढंच सुख उरलं होतं.

टाकीत प्लॅस्टिकची झाडं होती. एकदा दादानं डाव्या हातानं ती दाखवली आणि मान हलवली. नकोत. खरी हवीत. मला इतका आनंद झाला की तिथूनच दुकान गाठलं. तासभर रमलो. रिबिनीसारखी लांब पानं, पिसांसारखी बारीक पानं, दगडाला धरून वाढणारी गर्द हिरवी — एकेक पिशवी उजेडात धरून बघत होतो. दुकानदारानं विचारलं, टाकीवर ऊन किती वेळ असतं, मासे कुठले. कुंडीतली झाडं पाण्यात सडतात, ती घेऊ नका म्हणाला. आणि पानांवर गोगलगायींची अंडी असतात, म्हणून लावायच्या आधी तुरटीच्या पाण्यात बुडवा, चार पाण्यांनी धुवा.

तुरटी? मी बागायतदार माणूस, मला हा शिकवणार? आमच्याकडे वेलीला काही झालं की मोरचूद. ते निळे खडे घरात कायम असायचे. मी झाडं आधी घरी नेली, मोरचुदाच्या बादलीत बुडवून ठेवली, एकदाच विसळली आणि दुसऱ्या दिवशी दादाच्या टाकीत लावून आलो. काय दिसत होती टाकी! पानं सावकाश डोलत होती, मासे त्यांच्यामधून जात होते. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं.

तीन दिवसांत सगळे मासे मेले.

मी पोचलो तेव्हा ते उलटे तरंगत होते. मला कळलं — तिथल्या तिथं कळलं. देठांवर अजून निळी झाक होती. कुणाला कशी दिसत नव्हती ती? वहिनी रडत म्हणाली, "माझ्या हातून खाणं जास्त पडलं का हो, भाऊजी?" दादा ऐकत होता. माझ्याकडेच बघत होता. आणि मी म्हणालो, "तसंच दिसतंय वहिनी. पाणी नासलं."

एवढंच बोललो. मग झाडं उपटून लांब नेऊन टाकली.

दुसऱ्या दिवसापासून दादानं वहिनीच्या हातचा घास घेणं बंद केलं. ती जवळ आली की तोंड मिटून भिंतीकडे बघायचा. तिनं किती विनवण्या केल्या. शेवटी मला बोलावून घेतलं, आणि माझ्या हातून तो मुकाट्यानं जेवला. पुढं दीड वर्षं, तो जाईपर्यंत, मी जवळजवळ रोज सायखेड्याहून येत राहिलो. वहिनी ताट वाढून माझ्या हातात द्यायची आणि आत जाऊन बसायची. रोज वाटायचं, आज सांगून टाकावं. मग का नाही सांगितलं? दादा उपाशी राहील म्हणून? छे, एवढा चांगला नाही मी. त्याच्या मनातून उतरेन, ही भीती होती.

वहिनी आता सत्तरीला आली. दर दिवाळीला पहिलं ताट मला वाढते आणि सगळ्यांदेखत म्हणते, "भाऊजी होते म्हणून ह्यांच्या पोटात दोन घास गेले."

मी जेवतो.