हिरूमावशीचं माहेर

हिरूमावशी कुणालाही हात करून रस्ता दाखवत नसे. तारापूरजवळच्या त्या कोळीवाड्यात मी शिक्षिका म्हणून आले, त्या दिवशी तिला शाळा कुठे म्हणून विचारलं. तिने डोक्यावरची मासळीची पाटी खाली ठेवली. "हात करून सांगत नाय मी. चला, बाई." आणि मला थेट शाळेच्या फाटकापर्यंत सोडून आली. मला वाटलं, काय अगत्याचं गाव आहे! पुढे तिच्या शेजारीच खोली मिळाली, तेव्हा कळलं की गाव नव्हे, ही एकटीच तशी.

जिभेने फटकळ. माझ्या पातेल्यात डोकावून विचारायची, "बाई, कालवनात बोंबील हाय का नुसती त्याची आठवन?" नवऱ्याला मात्र वेळेवर वाढायची आणि त्याच्याशी चकार शब्द बोलायची नाही. मी एकदा कारण विचारलंच. "भाकर देते ना? बोलाया तोंड हाय कोनाला?"

बाकीचं तिने बांबूंवर बोंबील वाळत घालताना सांगितलं. माहेर खाडीपलीकडे. दोन्ही गावं एकाच जातीची, एकमेकांत लेकी दिलेली. मग समुद्रात जाळी लावायच्या जागांवरून वैर पेटलं. जाळी कापली गेली, ठरलेली लग्नं मोडली, बाजारात सख्ख्या बहिणी एकमेकींकडे पाठ करून बसू लागल्या. एका सकाळी सासरच्या जागेवर परकी होडी दिसली. कोणाची, ते कुणाला कळेना. लांबून होडी ओळखावी ती हिरूनेच. तिने हात केला, "माज्या दामूची!" तिचा सख्खा भाऊ म्हटल्यावर त्याच्या वाटेला जाणार नाहीत, एवढीच तिची समजूत. पण पुरुषांना नेमकं तेच झोंबलं. मेव्हणा असून आपल्याच जागेत जाळं टाकतो! त्यांनी जाऊन होडी उलटवली. दामू पोहत परतला, होडीत सोबत असलेला त्याचा मुलगा परतला नाही. उलटवणाऱ्यांत हिरूचा नवरा होता.

"वारा पडला का 'आते' म्हनून हाक येते, बाई," ती म्हणायची आणि बोंबील हातात धरून थांबायची. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटायची. पुढे पुढे वारा पडला की मीही कान देऊ लागले.

पुढे ती आजारी पडली. दुखणं वाढलं तेव्हा तिने पालघरहून स्वतःच विकत आणलेलं हिरवं लुगडं माझ्या हाती दिलं. मेलेल्या बाईच्या अंगावर माहेरचं लुगडं घालतात, ते भाऊ आणतो. "दामूला कळवू नका. हितं आला तर त्याचं गाव त्याला वाळीत टाकंल. सांगा, मायेरून आलं. मायेर तुटलेली बाय म्हनून मना जायाचं नाय."

या उन्हाळ्यात ती गेली. मी लुगडं पुढे केलं आणि न अडखळता खोटं बोलले. बायांनी ते तिला नेसवलं. इतक्यात अंगणात 'दामू, दामू' अशी कुजबुज झाली. दामू आला होता. बातमी खाडी ओलांडून गेली होती. थकलेला म्हातारा, काखेत प्लास्टिकची पिशवी, तिच्यातून लुगड्याचा काठ दिसत होता. तो बहिणीकडे बघत राहिला.

"हे कोनी आनलं?"

मी पुढे झाले. म्हटलं, "तुम्हीच धाडलंत ना, दामूदादा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीचं तोंड मुठीत आवळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हां. मीच धाडलं. बहीन हाय माजी."

त्याने खांदा दिला. दुसऱ्या बाजूला तिचा नवरा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. संध्याकाळी ती पिशवी तशीच काखेत घेऊन दामू खाडीकडे निघाला. पलीकडे त्याला कोण घरात घेणार होतं, ते मला अजून ठाऊक नाही.