पाळकीणबाईंचा चौथा उद्गार

मयतीच्या घरी जे वाक्य सगळेच बोलतात, ते पाळकीणबाई कोणाला पुरतं बोलू द्यायच्या नाहीत. कोणी "देवाची मर्जी..." असं सुरू केलं की त्या पदर सावरून त्याच्याकडे वळायच्या आणि विचारायच्या, "त्यानं तुमाले सांगतलं का?" आमच्या गल्लीतले एक मास्तर ऐन पन्नाशीत गेले, तेव्हा त्यांचे साडू म्हणाले की देवाला चांगली माणसं लवकर लागतात. पाळकीणबाई म्हणाल्या, "काहून जी? त्याच्याकडे शाळा हाय का?" मास्तरांची बायको रडता रडता हसली. साडू रागावून बाहेर ओट्यावर जाऊन बसले, ते जेवायलाच आत आले.

अकोटला आमच्या भागात ख्रिस्ती घरं मोजकीच. चर्चच्या धर्मगुरूला ते लोक पाळक म्हणतात, म्हणून त्यांच्या बायको पाळकीणबाई. पाळकसाहेब जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्यामागे दोन नवे पाळक आले, त्यांच्या बायकाही आल्या, पण गावात पाळकीणबाई एकच राहिल्या. चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या आणि ब्लाऊज शिवायच्या. उंच, काळ्यासावळ्या, काटक. मनगटावर नवऱ्याचं मोठं घड्याळ, ते सारखं कोपराकडे घसरायचं. छत्री बारा महिने हातात असायची आणि बोलताना ती समोरच्यावर रोखलेली असायची. नव्या माणसाला वाटायचं, बाई भांडून राहिली.

आम्ही माळी. गावाबाहेर आमचा शेवंतीचा, झेंडूचा आणि निशिगंधाचा मळा, आणि बसस्टँडजवळ फुलांचं दुकान. कॉलेजातून आल्यावर दुकानात मी बसायची. ईस्टरच्या आदल्या दिवशी पाळकीणबाई टोपलीभर पांढरी फुलं न्यायच्या, आणि त्याच्या दोन दिवस आधी मुद्दाम येऊन सांगून जायच्या, "उद्या आमाले एकही फूल नको." पहिल्यांदा मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "मयतीच्या घरी तोरण लावतं का तू?"

"पण बाई, तुम्ही तर त्याला उत्तम शुक्रवार म्हणता. देव ज्या दिवशी मेला तो दिवस उत्तम कसा?"

त्यांनी छत्री टेकवली आणि स्टूल ओढून घेतलं. "माणसानं जे वाईट केलं, त्याची सजा माणसाच्याच वाट्याले येणार होती. ती त्यानं सोताच्या अंगावर घेतली. देवानं कोणाले पाठवून काम भागवलं नाही, आपणच आला आन् वधस्तंभावर गेला. आपल्याले सोडवलं, म्हणून आपल्यासाठी उत्तम. त्याच्यासाठी नव्हता पोरी. त्याले खिळे ठोकले होते. आमचे लोक गाणी म्हणता म्हणता हे विसरतात."

त्या शुक्रवारी दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये उपासना असते. वधस्तंभावरून येशू सात वेळा बोलला, असं ते लोक मानतात. त्या सात उद्गारांवर सात माणसं बोलतात. पहिल्यात तो मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो, तो सगळ्यांना हवा असतो. चौथ्यात तो देवालाच विचारतो, तू मला का सोडलंस? तो कोणी घ्यायला तयार नसायचं. देवानंच देवाला असं विचारावं, यावर लोकांसमोर काय बोलणार? तो उद्गार कितीतरी वर्षं पाळकीणबाईंकडेच होता.

एका वर्षी बाबांना घेऊन मी ऐकायला गेले. एप्रिलचं ऊन, पंखे गरम वारा फेकत होते, आम्ही मागच्या दाराशी बसलो. बाकीचे जपून, पुस्तकी मराठीत बोलले. पाळकीणबाई उठल्या, घड्याळ मनगटावर ओढलं आणि घरात बोलतात तशा बोलल्या. "देवा, मले काहून सोडलं, असं तो म्हणते. जोरात म्हणते. वरून काही उत्तर आलं का? नाही आलं. मी लय शोधलं, सापडलं नाही. पाळकसाहेब म्हणत, तो आपल्या जागी मेला. खरं हाय. आता पाहा, आपल्या जागी म्हणजे कुठं? माणूस बिमार पडते, पोटचं जाते, नशीब फुटते, तवा तो शेवटी कुठं जाऊन पोचते? ह्या 'काहून'पाशी. देवाले खरंच आपल्या जागी यायचं होतं तर त्याले तिथंवर यावंच लागलं असतं. आला. आता तिथं कोणी एकटं नसते."

एवढंच बोलून त्या खाली बसल्या.

बाहेर आल्यावर बाबा त्यांना म्हणाले, "बाई, आमचे देव जिंकतात."

"आमचाही जिंकते भाऊ. पण हारून."

बाबांना ते पटलं नाही. पण त्या वर्षी ईस्टरची टोपली बाबांनी आपल्या हातानं भरली.

हे त्यांना कुठून सुचतं, ते मला नंतर कळलं. पाळकसाहेब आजारी होते तेव्हा सगळं चर्च त्यांच्यासाठी उपास धरत होतं. ते गेले, आणि पाळकीणबाईंनी वर्षभर चर्चची पायरी चढली नाही. खिडकीतून गाणी ऐकू यायची, त्या मशीन जोरात चालवायच्या. "मंग शुक्रवार आला," त्यांनी मला दुकानात सांगितलं. "लाईट गेली होती, मशीनीवरची सुई दिसत नव्हती. बसली होती तशीच. तिकडून कोणीतरी चौथा उद्गार वाचला. मी म्हटलं, अवं, हे तर माह्यं वाक्य हाय. मी घरात बसून जे बोलून राहिली, ते तिथं तो बोलून राहिला. चप्पल घातली आन् गेली."

माझा दादा पहाटे पिकअपमधून फुलं घेऊन अकोल्याच्या बाजारात जायचा. दिवाळीच्या आधीच्या हंगामात एका पहाटे अकोट-अकोला रस्त्यावर समोरून ट्रक आला. गाडीतली शेवंती डांबरावर पसरली होती, असं पाहणारे सांगत. दादा चोवीस वर्षांचा होता.

आई रडली नाही. लोक आले, बोलले. कोणी नवस राहिला असेल म्हणालं, कोणी मागच्या जन्माचं काढलं. आई भिंतीला टेकून बसलेली असायची आणि कोणाला काही बोलायची नाही. पाळकीणबाई तिसऱ्या दिवशी आल्या. छत्री दारात ठेवली आणि आईच्या शेजारी भिंतीला टेकून बसल्या. तासभर तशाच बसून होत्या. मग आईच पहिल्यांदा बोलली.

"मीच उठवलं त्याले. तो म्हणे, माय, थोडं झोपू दे. मी पांघरूण ओढलं."

त्या दिवसापर्यंत हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. बाबा उठून मळ्यात गेले.

पाळकीणबाई म्हणाल्या, "पोराले उठवणं पाप असतं ताई, तर जगातली एकही माय सुटली नसती."

"मंग माह्यं पोरगं काहून गेलं? आन् तुमच्या देवानं आपलंच पोरगं काहून वाचवलं नाही?"

मला वाटलं, आता त्या सांगतील. इतकी वर्षं त्या यावरच बोलत होत्या. "मले माहीत नाही," त्या म्हणाल्या. मग पिशवीतून कंगवा काढला आणि आईचे तीन दिवसांचे गुंतलेले केस विंचरू लागल्या. त्यानंतर रोज दुपारी यायच्या. विंचरून वेणी घालायच्या आणि जायच्या. देवाचं नाव त्यांनी त्या घरात काढलं नाही. आई पुन्हा मुकीच झाली.

त्याच हिवाळ्यात चर्चला नवे पाळक आले. तरुण, बाहेरगावचे, शिकलेले. पाळकीणबाईंचं चौथ्या उद्गारावरचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं. ते म्हणाले, "बाई, देवानं उत्तर दिलं नाही असं सांगून लोकांचा विश्वास डळमळतो. पापाची शिक्षा पुरी भरली, हे ठाम सांगायला हवं." या वर्षी चौथा ते स्वतः घेणार होते. पाळकीणबाईंना त्यांनी तिसरा दिला. त्यात येशू खाली उभ्या असलेल्या आपल्या आईला एका शिष्याच्या हवाली करतो. "आईचा उद्गार आहे, बाईमाणसालाच शोभेल."

दुकानात येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा छत्री माझ्यावर रोखलेली नव्हती. "वाईट नाही तो. सजेचं म्हणते तेही खरंच हाय. पण पोरी, माह्यं ते एकच वाक्य होतं. बाकीचे सहा मले येत नाही."

ही गोष्ट मी घरी सांगितली. आई ऐकत असेल असं मला वाटलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी ती आंघोळ करून लुगडं नेसून उभी राहिली. सहा महिन्यांत ती अंगणापलीकडे गेली नव्हती. म्हणाली, "तिच्यासंगं उद्या कोणी नसन, तर आपण गेलं पायजे."

"उद्या नाही, आजच आहे."

"मंग चाल."

आम्ही दोघी दाराशी बसलो. तिसऱ्या उद्गाराला पाळकीणबाई उठल्या. हातात कागद होता, त्यांच्या हातात मी तो पहिल्यांदाच पाहिला. दोन ओळी वाचल्या आणि समोर पाहिलं, तर मागे आई दिसली. त्यांनी कागद घडी करून ठेवला.

"तिथं त्याची माय उभी होती," त्या म्हणाल्या. "लय जण पळाले, ही नाही पळाली. तिले खिळा काढता येत नव्हता. पाणी देता येत नव्हतं. तिच्या मनात काय येत असन? म्हणत असन, मीच घडवला याले. मीच जाऊ दिला घरातून. धरून ठेवला असता तर. मायचं मन हाय, दुसरं काय म्हणन? आता त्याच्याकडे पाहा. जगाचं पाप अंगावर घेऊन राहिला होता, श्वास पुरत नव्हता. तरी मान खाली करून मायकडे पाह्यलं. त्यानं तिले एकही दोष देला नाही. म्हटलं नाही का तू मले काहून येऊ दिलं. त्याले एकच फिकीर, आता हिच्यापाशी कोण राहीन. जाणारं पोरगं मायवर रागावून जात नाही. हे मले आज दिसलं, आधी दिसलं नव्हतं."

आईनं तोंडाला पदर लावला. मग तिचा हुंदका फुटला, इतका मोठा की पुढच्या बाकावरची माणसं वळून पाहू लागली. दादा गेल्यापासून ती पहिल्यांदा रडत होती. तरुण पाळक चौथ्या उद्गारासाठी उभे राहिले होते. ते तसेच थांबले, आई शांत होईपर्यंत. बरीच मिनिटं गेली. कोणी घड्याळ पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी ते आपणहून पाळकीणबाईंच्या खोलीवर गेले आणि चौथा परत घ्या म्हणाले. पाळकीणबाईंनी नकार दिला. "तुमीच बोला. तुमाले कधीतरी लागन तो, सराव असू द्या." मग त्यांना वाईट वाटू नये म्हणून चहा टाकला.

माझं लग्न होऊन मी अमरावतीला आले. दोन वर्षांपूर्वी पाळकीणबाईंना इथल्याच एका दवाखान्यात आणलं. पोटात गाठ होती, उशिरा कळली. मी संध्याकाळी जाऊन बसायची. घड्याळ आता दंडापर्यंत सरकायचं. त्या शूर नव्हत्या. "लय दुखते वं," म्हणायच्या आणि माझा हात दाबायच्या.

एकदा मी म्हणाले, "बाई, तुमच्यासारखी प्रार्थना मला येत नाही. काय म्हणू?"

"काही नको म्हणू. बस." थोड्या वेळानं डोळे मिटूनच म्हणाल्या, "शुक्रवारचं शुक्रवारी समजत नाही पोरी. तिथं उभ्या असलेल्या कोणालेच समजलं नाही. इतवारी समजलं, तो उठला तवा. मले अजून शुक्रवारच चालू हाय."

"भीती वाटते का?"

"वाटते. त्यालेही वाटली होती."

एका मंगळवारी सकाळी त्या गेल्या. त्यांना अकोटला नेलं. तरुण पाळक, आता तितकेसे तरुण नव्हते, कबरीपाशी वाचताना दोनदा थांबले. आई आणि बाबा मळ्यातून पांढरी शेवंती घेऊन आले होते. मूठमूठ माती टाकून झाली, लोक पांगले, आई मात्र शेवटचं घमेलं पडेपर्यंत उभी होती. ती ख्रिस्ती झाली नाही. तिच्या देवघरात आधी होते तेच देव आहेत. पाळकीणबाईंनी तिला कधी दुसरं काही सांगितलंही नाही.

गेल्या महिन्यात मी माहेरी गेले होते. सकाळी पाहते तर आई डबा बांधून एसटीला निघालेली. हिवरखेडला एका घरी तरुण मुलगा विहिरीत पडून गेला होता आणि त्याची आई जेवत नव्हती, असं दुकानात कोणीतरी बोलताना तिनं ऐकलं होतं.

"आपली ओळख आहे का त्यांची?" मी विचारलं.

"नाही. बसल्यावर होईन."

"काय बोलशील तिथं?"

"बोलाले काय जाऊन राहिली मी?" असं म्हणून ती चप्पल घालून गेली.

ती दिवेलागणीला परतली. पाय धुतले, ओट्यावर बसली. मी पाणी दिलं आणि काय झालं ते विचारलं. ती पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "अर्धी भाकर खाल्ली तिनं."