पडलेल्यांचे पाहुणे

आमच्या सासऱ्यांनी जेवढी पडलेली माणसं पाहिली आहेत तेवढी अख्ख्या महाराष्ट्रात दुसऱ्या कुणी पाहिली नसतील. पडलेली म्हणजे निवडणुकीत पडलेली, आणि तीही फक्त लोकसभेच्या. ग्रामपंचायत, झेडपी, आमदारकी हा सगळा त्यांच्या मते घरगुती मामला. आमचा धाराशिवचा मतदारसंघ आहेही ऐसपैस. जिल्हा तर आहेच, वर सोलापूरकडची बार्शी आणि लातूरकडचं औसा. या टोकाला पडलेला उमेदवार त्या टोकाला कुणाच्या ध्यानातही नसतो. पण सासरे त्यांच्या ईट गावाहून एसटीनं निघतात, दोन ठिकाणी गाडी बदलतात आणि विचारत विचारत त्याचं घर गाठतात.

निकालाच्या तिसऱ्या दिवशी जायचं हा त्यांचा नेम. धुवट धोतर, गुलाबी फेटा, एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात ताज्या खव्याची पिशवी. ईटला घरोघर दूध आटतं, तेव्हा खवा हीच भेट. गेल्यावर ते आधी काही वेळ नुसतेच बसतात. मग खाली बघत एकच वाक्य बोलतात, “मत म्या तुमालाच दिलं होतं.” चहा पितात, हात जोडतात आणि उठतात. हा खटाटोप कशासाठी, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “निवडून आलेल्याकडं समदा जिल्हा जातो, जावई. माझ्या नारळावाचून त्याचं काय अडलंय? पडलेल्याच्या दारात तिसऱ्या दिवशी कुणीबी येत न्हाय.” हे खरं असलं तरी त्यांच्या त्या गंभीर चेहऱ्यानं घोटाळेही होतात. तामलवाडीला एका पडलेल्या उमेदवाराच्या घरी ते असेच जाऊन मान खाली घालून बसले. त्या घरच्या म्हाताऱ्या आजींना कमी दिसायचं. तिसरा दिवस, अनोळखी फेटेवाला, गप्प बसलेला. आजींनी जो गळा काढला तो ऐकून शेजारपाजारचे धावत आले. उमेदवार हयात असल्याची खात्री पटवायला त्याला आजींपुढे उभं करावं लागलं.

माझं लग्न जमलं तेही या वेडापायीच. मी बार्शीचा. मुलगी दुसऱ्या जिल्ह्यात द्यायची नाही असा सासूबाईंचा हट्ट होता. सासऱ्यांनी पंचा झटकला आणि निकाल दिला, “जिल्हा येगळा असंल, मतदारसंघ येकच हाय.” माझा पगार, शिक्षण, पत्रिका यांची चौकशी त्यांनी केल्याचं मला आठवत नाही. बार्शीत एक वकील लोकसभेला पडले होते, त्यांचं घर तुमच्या घरापासून किती लांब, एवढं मात्र विचारलं. सुदैवानं ते आमच्याच गल्लीत राहत होते.

मतदारसंघाचा इतिहास विचारावा तर त्यांनाच, फक्त तो उलट्या बाजूनं ऐकायची तयारी हवी. अमक्या साली कोण निवडून आलं म्हटलं की ते कान खाजवतात. कोण पडलं म्हटलं की त्या माणसाचं घर, दारातलं झाड, कुणाच्या घरी चहात आलं जास्त आणि कुणाचं कुत्रं अंगावर येतं, सगळं सांगतात. बरीच वर्षं हा मतदारसंघ राखीव होता. त्या काळात ते बौद्धवाड्यांत जाऊन पडलेल्यांच्या घरी चहा पिऊन, कधी जेवूनही आले. गावात थोडी कुजबुज झाली. पारावर कुणीतरी छेडलंच, तेव्हा ते म्हणाले, “मत देताना जात पुसली न्हाय, मग चा पिताना कशाला पुसू?” पुढं मतदारसंघ खुला झाला, मोठमोठ्या बंगल्यांतली माणसं पडायला लागली. सासऱ्यांचा नारळ तेवढाच राहिला.

आता एवढ्या जणांना “मत तुमालाच दिलं होतं” म्हटल्यावर गावानं त्यातून काढायचा तोच अर्थ काढला. यांनी ज्याला मत दिलं तो पडला. मग प्रचाराच्या दिवसांत कार्यकर्ते हळूच घरी यायला लागले, हात जोडून विनवायला लागले की मामा, या बारीला तेवढं समोरच्याला द्या. सासरे सगळ्यांचं ऐकून घेत आणि सगळ्यांना चहा पाजत. माझ्या मनात मात्र वेगळीच शंका होती. एकदा परंड्याला एका लग्नात एकाच निवडणुकीत पडलेले दोन उमेदवार माझ्या पंगतीला आले. दोघेही आमच्या सासऱ्यांबद्दल गहिवरून बोलत होते आणि त्यांचं मत आपल्यालाच पडलं होतं असं दोघांचंही ठाम म्हणणं होतं. मी निमूट जिलेबी खाल्ली आणि घरी आल्यावर कुणापाशी बोललो नाही.

पण त्यांचा पोटचा मुलगा गावाइतकाच त्या अपशकुनावर विश्वास ठेवून होता, आणि गेल्या लोकसभेला तोच अपक्ष उभा राहिला. माझा मेव्हणा खव्याची भट्टी चालवतो. ईटचा खवा रेल्वेनं मुंबईला गेला पाहिजे, हा त्याचा एकमेव जाहीरनामा. ईटला रेल्वे नाही, हे त्याला कुणी सांगितलं की तो म्हणे, “म्हणूनच तर हुबारलोय.” चिन्ह मिळालं ढबू मिरची. सासूबाईंनी महिनाभर घरात दुसरी भाजी शिजू दिली नाही. जावई म्हणून माझ्या ताटात मिरची भरलेली असायची, एवढाच काय तो मान.

मतदानाच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. मेव्हण्यानं भाकरी मोडली, तशीच ठेवली आणि वर न बघता म्हणाला, “आबा, येक मागणं हाय. तुमचं मत मला नगं. दुसऱ्या कुणालाबी द्या.”

सासूबाईंच्या हातातला डाव हलायचा थांबला.  सासऱ्यांनी ताटातलं सगळं संपवलं, ताटातच हात धुतला आणि ओट्यावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी मतदान केंद्रात ते एवढा वेळ आत राहिले की काही अडचण आहे का, असं अधिकाऱ्यानं दोनदा विचारलं. उमेदवार इतके होते की दोन मशीन जोडलेली होती, म्हणून वेळ लागला असेल असं मी मेव्हण्याला सांगितलं. सासरे बाहेर आले आणि मुलाकडे न बघता घरी गेले.

मेव्हण्याला किती मतं पडली ते सांगत बसत नाही. ‘नोटा’ पहिल्या फेरीपासून त्याच्या पुढे होता. त्या रात्रीपासून तो आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपला. अंगात कणकण आहे म्हणायचा. ताप कुणालाच लागत नव्हता. भट्टीकडेही फिरकला नाही.

निकालाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी दाढी केली, धोतर नेसलं, गुलाबी फेटा बांधला. आता कुणाकडे निघाले असतील याचा अंदाज मी बांधत होतो, तोवर ते मागच्या दारानं बाहेर पडले, मारुतीच्या देवळाला वळसा घालून पुढच्या दारात आले आणि कडी वाजवली.

“उमेदवार हायत का घरात?”

सासूबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला, सतरंजी अंथरली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि परक्या माणसाला म्हणावं तसं म्हणाल्या, “हायत की. बसा.”

माझ्या बायकोनं भावाला हाताला धरून बाहेर आणलं. त्याला बघून सासरे उठून उभे राहिले. मुलासाठी उठून उभं राहण्याची त्यांची ही पहिलीच वेळ असावी. त्यांनी नारळ पुढे ठेवला, खवा ठेवला. तो खवा मेव्हण्याच्याच भट्टीवरचा होता. तीन दिवस भट्टी विझू नये म्हणून या वयात ते स्वतः कढईशी उभे राहून तो ढवळत होते, हे आम्हाला मागाहून कळलं. थोडा वेळ ते नुसते बसले. मग खाली बघत म्हणाले, “मत म्या तुमालाच दिलं होतं.”

“आबा, नगं म्हणलं होतं की म्या.”

“व्हय. लई येळ हुबा राह्यलो. पर दुसऱ्या बटनाकडं बोट जाईना.” फेट्याचा शेव त्यांनी उगीच सारखा केला. “माझ्यामुळं पडला असचाल तर माफ करा.”

आजवर ते मताचं वाक्य त्यांनी कितीजणांना खरं सांगितलं ते मला माहीत नाही. त्या दिवशीचं खरं होतं, याची मला खात्री आहे.  मेव्हण्यानं खव्याचा खडा तोडून तोंडात टाकला, चावला आणि म्हणाला, “करपलाय वाईच.” मग तो हसला, आणि सासूबाई डोळे पुसत चहा टाकायला आत गेल्या.

सासऱ्यांनी चहा घेतला, बशी पालथी घातली आणि नेमाप्रमाणे हात जोडून उठले. चपला घालून ओट्याच्या पायरीपर्यंत गेले. तिथं मात्र थांबले. एवढी वर्षं इथून पुढं एसटी स्टँडचा रस्ता असायचा. आज कुठं जायचं ते त्यांना उमगेना. फेटा बांधलेले, रिकाम्या हातांचे, ते आपल्याच दारात उभे राहिले. त्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघताना ते किती वाकले आहेत ते मला पहिल्यांदा दिसलं.

मेव्हणा उठला, मागून जाऊन त्यानं त्यांचा दंड धरला आणि म्हणाला, “चला आबा, आत चला.”