मोठा चेहरा कुणाचा

सहा वर्षांच्या नेलमारला राजकारण फार आवडायचं, कारण निवडणूक आली की कप्तानाच्या, म्हणजे गावच्या कारभाऱ्याच्या जीपमधून गोळ्या उधळल्या जायच्या. फक्त शेजारची चेरमे दर वेळी त्याच्याहून दोन गोळ्या जास्त वेचायची. दुखणं तिथूनच सुरू झालं.

पाचवीत वर्गप्रमुख निवडायचा होता. चेरमे निवडून आली. नेलमारला चार मतं पडली, त्यातलं एक त्याचंच. घरी येऊन त्यानं जाहीर केलं, "राजकारण म्हणजे नुसती घाण!"

आई मासे साफ करत होती. "मग हात धू आणि जेवायला बस," ती म्हणाली.

पुढची चार वर्षं त्यानं बास्केटबॉलला वाहिली. मग कप्तान शाळेत पाहुणा म्हणून आला, चेरमेनं माइकवरून स्वागत केलं आणि कप्तान म्हणाला, "ही पोरगी एक दिवस माझी खुर्ची घेणार!" दुसऱ्या दिवसापासून नेलमार रेडिओला कान लावून बातम्या ऐकू लागला. पुढे चेरमे नर्सिंग शिकायला इलोइलो शहरात गेली. त्याच महिन्यात रेडिओचे सेल संपले आणि नवे काही आणले गेले नाहीत. नेलमारचं राजकारण कुठवर आलंय हे कळायला त्याला विचारावं लागत नसे. चेरमेचं काय चाललंय तेवढं पाहिलं की झालं.

शिक्षण संपवून ती परत आली आणि तिनं गावच्या युवक मंडळाच्या अध्यक्षपदासाठी अर्ज भरला. तासाभरात नेलमार निवडणूक कचेरीच्या दारात हजर.

"निवडून येऊन करणार काय रे पोरा?" कारकुनानं विचारलं.

"तिनं काय लिहिलंय?"

"बास्केटबॉलच्या मैदानाला छप्पर."

"मग माझं छप्पर आणि दिवे लिहा."

एकदा, फक्त एकदा, तिला हरवायचं होतं. पण आठवड्याभरातच चेरमेनं अर्ज मागे घेतला. नर्सच्या परवान्याची परीक्षा जवळ आली होती. नेलमार बिनविरोध निवडून आला. आईनं मोठी कढई भरून शेवया केल्या, गावानं बोटं चाटून खाल्ल्या. त्याच्या मात्र घशाखाली उतरेनात. जिला चीत करायचं तीच आखाडा सोडून गेली होती, आणि जाता जाता "अभिनंदन हं, अध्यक्षसाहेब!" असं हसत म्हणून गेली होती.

तीन महिन्यांनी निकाल लागला. चेरमे पास!

आता, गावात कुणी परीक्षा पास झालं की रस्त्याच्या तोंडाशी अभिनंदनाचा फलक लागतो, आणि अभिनंदन करणाऱ्या पुढाऱ्याचा फोटो त्यावर नसेल तर तो फलकच नव्हे. या खेपेला ते काम नव्या अध्यक्षाकडे आलं.

"चेहरा कुणाचा मोठा ठेवू?" छपाईवाल्या बेर्तिंगनं विचारलं.

"कप्तानाचा केवढा असतो?"

"पास झालेल्याच्या दुप्पट."

"माझा तिप्पट कर."

"अरे, मग तिचं नाव कुठं घालू?"

"खाली कुठंतरी. लोकांना डोळे आहेत की!"

लोकांना डोळे होतेच. फलक लागला आणि पहिल्याच सकाळी मासे घेऊन निघालेला नोनोय सायकल थांबवून ओरडला, "लबाडा! परीक्षा दिलीस आणि पत्ता लागू दिला नाहीस?" नेलमारनं समजावलं. मग पाववाल्यानं हात हातात घेतला, त्यालाही समजावलं. तिसऱ्याला समजावताना आवाज बारीक झाला. चौथ्याला तो नुसतं "थँक्यू" म्हणाला.

दुपारी खुद्द चेरमे ट्रायसिकलमधून, म्हणजे मोटारसायकलला जोडलेल्या रिक्षातून, जाताना थांबली. फलकाकडे पाहून पोट धरधरून हसली. "फोटो झकास आलाय! मग, सौदीला कधी निघतोस?"

"काढून टाकतो," तो पुटपुटला.

"राहू दे रे! मला पुढच्या महिन्यात तिकडे नोकरीला जायचंच आहे. गावात एक नर्स हवीच ना!" ट्रायसिकल फटफटत निघून गेली. हिला साधा रागही येऊ नये?

तो शिडी आणायला वळला, तर समोर काठी टेकत आलेली म्हातारी तिया पासिंग उभी. फलक बघ, त्याच्याकडे बघ, असं तिचं चाललं होतं.

"शिकलास हो पोरा! चेरमेचं ऐकलं होतं, पण तूसुद्धा?" तिनं झगा वर करून सुजलेला गुडघा पुढे केला. "बघ बरं जरा. रात्रभर ठणकतो."

नेलमारनं रस्त्याकडे पाहिलं. ट्रायसिकल वळणाआड गेली होती. मग तो खाली उकिडवा बसला, कपाळाला आठ्या घातल्या आणि दोन बोटांनी गुडघा दाबत म्हणाला, "इथं दुखतं का?"